पाकिटातलं बी आणि गाडग्यातलं बी



मे महिन्यात आम्ही एका गावातल्या बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. रेकॉर्डर सोबत होता, विषय होता हळदीच्या पॅकिंगचा. पण हळद बाजूलाच राहिली. झालं असं की एका ताईंनी गटाकडे बियाण्यासाठी कर्ज मागितलं. तीन एकर वावर, सहा पाकिटं. सचिव ताईंनी सहज विचारलं, कोणतं बियाणं? त्या म्हणाल्या, "तेच, तणनाशकवालं." म्हणजे आपल्याकडे ज्याला चोर बीटी म्हणतात ते.

"निंदाले बाया भेटत नाही, भेटल्या तर मजुरी परवडत नाही. मालक गेल्यापासून सारं वावर मी एकटी पाहतो," असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण दाराजवळ बसलेली एक बाई एकदम उठून उभी राहिली. ती दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाते. ती म्हणाली, "मंग आमी पोटाले काय खावाचं? या गटात आमचाही पैसा हाय. आमच्याच पैशानं आमचंच निंदण बंद करता काय?"

सगळ्या गप्प झाल्या. मग एक आजी म्हणाल्या, ते बी माणसानं बिघडवलेलं आहे, त्यात जनावराचं काहीतरी टाकतात. दुसरी म्हणाली, काही नाही हो आजी, गावरान गाईला जर्सीचं रेतन केलं तसंच ते. आणि दोघी आमच्याकडे बघायला लागल्या. रेडिओवाल्या ना तुम्ही, सांगा आता.

आम्हाला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. मग आम्ही वाचलं, कृषी विभागातल्या माणसांना विचारलं, विद्यापीठाची पुस्तकं चाळली आणि तीन भागांत हा कार्यक्रम केला. ज्यांच्या गावात आपला आवाज पोचत नाही त्यांच्यासाठी तो इथे छापत आहोत.

आधी आजींच्या गाडग्यापासून सुरू करू. ज्वारी काढताना सगळ्यात भरदार, कीड न लागलेलं कणीस बाजूला काढून ठेवायचं, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात बी ठेवायचं, हे काम पिढ्यान् पिढ्या बायांनी केलं. यालाच शास्त्रात निवड म्हणतात. दरवर्षी थोडं थोडं निवडत गेलं की पीक बदलत जातं. रानातल्या गवताचं आपण असंच धान्य केलं. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मोहोळच्या केंद्रात शास्त्रज्ञांनी तिच्यातून निवड करून सुधारित मालदांडी दिली, पण त्यांनी निवडलं कशातून? शेतकऱ्यांच्या घरात आधीच निवडून ठेवलेल्या बियाण्यातून. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती असं गावरान बियाणं जपण्यासाठीच.

आता निवडीच्या पुढची पायरी, संकर. ही तुमच्यापैकी ज्या सीड प्लॉटवर कामाला गेल्या आहेत त्यांना आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. कपाशीचं फूल उद्या सकाळी उमलणार असेल तर आज दुपारनंतर कळी हातानं सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे ते फूल मादी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्यावर घासायचा. एका एका फुलाला दोनदा हात लावायचा. अशी हजारो फुलं. देऊळगाव राजा, जालना या भागात भाजीपाल्याच्या बियाण्याचंही असंच काम चालतं आणि ते बहुतेक बायाच करतात. कपाशीत हे व्यापारी प्रमाणावर जगात पहिल्यांदा झालं ते आपल्याच देशात. 1970 साली सुरतेच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-4 हा वाण आणला. पाकिटावर कंपनीचं चित्र असतं, पण आतलं एकेक बी कुणातरी बाईच्या बोटांतून गेलेलं असतं. हे आम्हालाही हा कार्यक्रम करेपर्यंत असं लक्षात आलं नव्हतं.

संकराचं एक वैशिष्ट्य आहे आणि ते नीट समजून घ्या, कारण पुढचा अर्धा गोंधळ इथूनच होतो. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आलेलं पहिलं पीक जोमदार येतं आणि सगळं एकसारखं येतं. पण त्याच पिकाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी राहत नाहीत. काही आईवर जातात, काही बापावर, काही कुणावरच नाही. म्हणून हायब्रीडचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. "बीटी आलं आणि आमचं घरचं बी गेलं" असं आपण म्हणतो. खरं तर घरचं बी हायब्रीडनं नेलं, तेही बीटीच्या तीसेक वर्षं आधीपासून. चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत बीटी कापूस मुख्यतः साध्या, सरळ वाणांत आहे. आपल्याकडे मात्र तो जवळजवळ सगळा हायब्रीडमध्येच आला. साध्या वाणाचं बी शेतकरी घरी ठेवू शकतो, हायब्रीडचं ठेवू शकत नाही. कंपन्यांना काय सोयीचं, ते तुम्हीच समजून घ्या. नंतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं सरळ वाणांतही बीटी आणलं, पण दुकानात मांडणीवर दिसतात ती हायब्रीडचीच पाकिटं.

आणि एक गंमत. आज आपण जीएमला नावं ठेवतो तशी आपल्या आयांनी हायब्रीडला ठेवली. 1964 साली हायब्रीड ज्वारी आली तेव्हा तिची भाकरी चवीला लागत नाही, तिनं अंगात ताकद येत नाही, असं घरोघर ऐकू यायचं. आजही कुणाचं पोरगं जरा नाजूक निघालं की आजी म्हणते, हायब्रीड पिढी! तेव्हाची सगळीच भीती खोटी नव्हती. भाकरीच्या चवीबद्दल बायांचं म्हणणं बरोबर होतं, कडब्याबद्दलही बरोबर होतं. आणि ताकद जाते हे म्हणणं बरोबर नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पुढेही आपल्याला हेच दिसणार आहे.

तर मग जनुकीय बदल म्हणजे नेमकं काय? प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा आराखडा असतो. विणकामाची वही समजा. त्या वहीतली एकेक ओळ म्हणजे जनुक. फुलाचा रंग कोणता, दाणा केवढा, हे त्या ओळी ठरवतात. संकर करताना आपण एकाच कुळातल्या दोन वह्या घेतो आणि त्यांची पानं एकमेकांत मिसळतो. हजारो ओळी इकडच्या तिकडे होतात, कोणती कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून तर संकरानंतर वर्षानुवर्षं निवड करावी लागते. आणि संकर जवळच्या नात्यातच होतो. वांग्याचा वांग्याशी होईल, वांग्याच्या रानटी भावंडाशी होईल, पण वांग्याचा बेडकाशी कधी होणार नाही.

जनुकीय अभियांत्रिकीत कुळाची ही अट राहत नाही. हवी ती एखाददुसरी ओळ दुसऱ्या कोणत्याही जिवाच्या वहीतून उतरवून घेता येते. बीटी कापसात ती ओळ मातीतल्या एका जिवाणूकडून घेतली. बॅसिलस थुरिंजेन्सिस असं त्याचं नाव, त्यातल्या दोन अक्षरांवरून बीटी. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. अळीनं ते खाल्लं की तिच्या पोटात ते विरघळतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी खाणं सोडून मरते. अळीचं पोट अल्कधर्मी असतं आणि हे प्रथिन जिथे चिकटतं ती जागा तिच्या आतड्यात असते. आपल्या पोटात आम्ल असतं आणि तशी जागाही नसते. म्हणून ते अळीला मारतं, आपल्याला नाही. हाच जिवाणू पावडर करून सेंद्रिय शेतीतही फवारतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

ही ओळ कपाशीत नेली कशी, असं बैठकीत एका मुलीनं विचारलं. बारावी झालेली मुलगी, प्रश्न नेमका. झाडांच्या बुंध्याला कधी कधी गाठी येतात, त्या आणणारा एक जिवाणू असतो. तो स्वतःची थोडी जनुकं झाडात घुसवतो. निसर्गातच. शास्त्रज्ञांनी त्यालाच हमाल केला, त्याच्या ओझ्यात आपल्याला हवी ती ओळ ठेवली आणि झाडाच्या पेशीत पोचवली. आधी हे अमेरिकेतल्या एका कापूस जातीत केलं. मग तिच्याशी आपल्याकडच्या जातींचा संकर करून ती ओळ इथे आणली. म्हणजे प्रयोगशाळेचं काम एकदाच, पुढे सगळं पुन्हा फूल सोलणाऱ्या बोटांचं.

आता रताळ्याचं ऐका. 2015 साली शास्त्रज्ञांना आढळलं की आपण एकादशीला खातो त्या रताळ्यातही याच जातीच्या जिवाणूची जनुकं आहेत. माणसानं घातलेली नाहीत, हजारो वर्षांपूर्वी आपोआप गेलेली आहेत. म्हणून "निसर्गात असं होतच नाही" हे म्हणणं टिकत नाही. आणि माणसानं आणखी काय काय केलं तेही बघा. भुईमुगाचा टॅग-24 वाण आपल्याकडे घराघरात गेला. त्यातला पहिला टॅ म्हणजे ट्रॉम्बे, तिथलं भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि मधला अ म्हणजे अकोला. बियाण्यावर किरणांचा मारा करून बदल घडवायचे आणि त्यातून चांगले निवडून त्यांचे संकर करायचे, अशा कामातून तो आला. त्याच्या शेंगा आपण उकडून खातो, चटणी करतो. त्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

मग जनावराचं रक्त? नाही, मैत्रिणींनो, तसं काही टाकत नाहीत. टोमॅटोत माशाचं जनुक घातलं ही गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. थंडी सोसावी म्हणून अमेरिकेत 1991च्या सुमारास तसा प्रयोग झाला होता, पण तो टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. तुमचं व्रत मोडलेलं नाही. बिनबियांचं कलिंगड, पिवळी ढोबळी मिरची, लांबट टोमॅटो, यांनाही लोक जीएम म्हणतात. ते संकराचे प्रकार आहेत. आपल्या देशात कायद्यानं शेतात पिकवायला परवानगी असलेलं जनुकीय बदलाचं पीक एकच, कापूस. फळ पेरल्यावर उगवूच नये असं टर्मिनेटर बियाणं आल्याची भीती 1998 साली खूप पसरली होती. तसं तंत्र कागदावर होतं, पण शेतकऱ्यांना विकायला ते कुठेही आलं नाही.

"आम्ही कापूस खात नाही, मग आम्हाला काय," असं मात्र म्हणू नका. सरकीची ढेप म्हशीला कोण घालतं? सरकीचं तेल फरसाणात, वनस्पती तुपात जातं. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयाबीन तेल बहुतेक जीएम सोयाबीनचंच असतं. 2021 साली कोंबड्यांच्या खाद्यासाठी 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला सरकारनंच परवानगी दिली. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे तेलाची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण आपण काय खातो हे आपल्याला कुणी सांगत नाही, हा राग योग्यच आहे. आणि ज्या मैत्रिणी रोज इन्सुलिन टोचतात त्यांनाही सांगतो: पूर्वी ते डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे. 1982 पासून माणसाचं जनुक जिवाणूत घालून ते बनवलं जातं. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग तं मी रोजच टोचतो."

आता कापसाकडे परत येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे.

बीटी कापसाला मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. जालन्याच्या महिको कंपनीचे तीन वाण होते, तंत्र अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचं. पण त्याआधीच, 2001 मध्ये, गुजरातेत हजारो एकरांवर चोरून बीटी पेरलेलं सापडलं होतं. म्हणजे चोर बीटी हा प्रकार आजचा नाही, अधिकृत बीटीपेक्षाही जुना आहे! सुरुवातीची वर्षं चांगली गेली. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारे कमी झाले. 2002-03 साली देशात सुमारे 136 लाख गाठी कापूस झाला होता, 2013-14 साली तो 398 लाखांच्या आसपास गेला. हे सगळं बीटीमुळेच झालं असं नाही. त्या काळात खतं वाढली, पाणी वाढलं, गुजरातेत क्षेत्र वाढलं. पण ज्यांनी आधी आठवड्याला फवारे मारलेले आहेत त्या बायांना विचारा, फरक पडला होता की नाही.

मग बिघडलं. 2006 साली दोन जनुकांचं बीटी आलं होतं. तरी 2009च्या हंगामात गुजरातेत जुन्या बीटीवर गुलाबी बोंडअळी जिवंत सापडली आणि पुढच्या पाचसहा वर्षांत दोन जनुकांच्या बीटीलाही ती पुरून उरली. गुलाबी अळी मुख्यतः कापसावरच जगते. दुसरीकडे तिला खायला फारसं नसतं, त्यामुळे तिची प्रत्येक पिढी बीटीशीच झुंजते. ज्या एकदोन वाचतात त्यांचीच पिल्लावळ वाढते. गाडग्यातलं बी आपण जसं निवडतो, तशी बीटीनं चिवट अळी निवडली. हीदेखील निवडच!

त्यात आपल्या हायब्रीडनं भर घातली. हायब्रीडच्या बोंडातल्या काही सरक्यांत बीटी उतरतं, काहींत उतरत नाही. अळीला एकाच बोंडात थोडं विष आणि थोडं जेवण मिळतं, ती सरावते. शिवाय आपण फरदड ठेवतो, मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी. अळीला बाराही महिने घर. आणि पाकिटासोबत बिनबीटीची वेगळी पुडी मिळायची ती आठवते? ती शेताच्या कडेनं लावायची होती, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, चिवट अळ्यांशी त्यांचा मेळ होईल आणि चिवटपणा पातळ होईल. ती पुडी आपल्यापैकी कितीजणींनी पेरली? आमच्या घरी ती बांधावर पडलेली असायची. कारण कुणी समजावूनच दिलं नव्हतं. आता 475 ग्रॅमच्या पाकिटात ते बी मिसळूनच देतात.

2017 साल आपल्याकडे कुणी विसरणार नाही. डोमकळ्या, मग किडकी बोंडं, कवडी कापूस. आणि फवारे पुन्हा सुरू. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. जे तंत्र फवारे कमी करायला आणलं, त्याच्या पिकात फवाऱ्यानं माणसं मेली. बीटीनं ती मारली असं आम्ही म्हणणार नाही, औषधांनी मारली. पण अळीला बीटीनंच बघून घ्यावं असं सांगून सगळ्यांनी हात झटकले होते, हेही तितकंच खरं.

वांग्याचं पुष्कळांना आठवत असेल. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी बीटी वांगं तयार झालं. केंद्राच्या समितीनं ऑक्टोबर 2009 मध्ये त्याला हिरवा कंदील दिला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मात्र सात शहरांत लोकांना बोलावून म्हणणं ऐकलं, त्यात आपलं नागपूरही होतं. शेतकरी आले, शास्त्रज्ञ आले, वैद्य आले, कंपनीची माणसं आली, आरडाओरडही झाली. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी स्थगिती दिली, ती अजून आहे. लोकांचा कल एकदम वेगळा का होता? कापूस अंगावर घालतात, वांगं ताटात येतं. आणि वांगं मुळात आपल्या भूमीतलं. जळगावचं भरताचं, कृष्णाकाठचं काटेरी, गावागणिक वाण वेगळा, रानात त्याची रानटी भावंडं. पराग उडून तिकडे गेला तर काय, हा प्रश्न रास्त होता. बांगलादेशात तेच बीटी वांगं 2014 पासून शेतात आहे आणि तिथे फवारणी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं. इथल्या बाजारातल्या वांग्यावर तोडणीच्या आदल्या दिवशीही फवारा मारतात, हे आपण सगळ्या जाणतो. म्हणून आम्हाला स्थगिती अर्धीच पटते. ऐकून घेतलं ते चांगलं केलं. पण थांबवल्यानंतर पुढची तपासणी जोरात व्हायला हवी होती, तशी झालेली दिसली नाही. मोहरीचंही तेच. 2022 साली जीएम मोहरीला परवानगी दिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै 2024 मध्ये दोन न्यायाधीशांचीच दोन मतं झाली.

आता ते तणनाशकवालं बियाणं. यात बीटीशिवाय आणखी एक जनुक असतं, त्यामुळे ग्लायफोसेट फवारलं तरी कपाशी मरत नाही, बाकी सगळं हिरवं मरतं. त्याला देशात मंजुरी नाही. तरी ते विकलं जातं, हे गुपित नाही. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते सगळ्यांसमोर पेरून दाखवलं, आम्हाला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य द्या म्हणून. त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पावसाच्या झडीत आठ दिवस वावरात पाय टाकता येत नाही, तण कंबरेला लागतं, तेव्हा कर्ज मागणाऱ्या ताईंची झोप का उडते ते आम्हाला कळतं.

पण तीन गोष्टी त्यांना कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, बिल मिळत नाही. उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? पाकिटात काय भरलंय, त्यात बीटी तरी आहे का, हेही माहीत नाही. दुसरी, ग्लायफोसेट कपाशी आणि तूर यांत फरक करत नाही, करतं ते फक्त जनुक असलेल्या झाडात आणि नसलेल्यात. कपाशीतली तुरीची तासं, मधली चवळी, कडेची भेंडी, सगळं जाणार. घोळ, तांदुळजा, पाथरी या भाज्या निंदताना ओटीत भरून घरी येतात, त्याही जाणार. कापसाचा पैसा मालकाच्या हातात जातो, पण तुरीची डाळ आणि रानभाजी कुणाच्या हातात येते, हे कोणत्या पुस्तकात मोजलेलं नसतं. तिसरी, तणही अळीसारखंच चिवट होतं. अमेरिकेत आपल्या राजगिऱ्याच्या कुळातलं एक तण ग्लायफोसेटला दाद देईनासं झालं आणि कापसाच्या शेतात लोकांना पुन्हा हातानं तण उपटावं लागलं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावरच्या संस्थेनं 2015 साली ग्लायफोसेट "बहुधा कर्करोगकारक" या गटात घातलं. इतर काही देशांच्या तपासणी संस्थांचं मत वेगळं आहे. आपल्याकडे ते हातमोज्याशिवाय आणि वाऱ्याची दिशा न बघता फवारतात, एवढं तर आपण डोळ्यांनी पाहतो.

आणि मजुरीचा प्रश्न उरतोच. निंदण हे बायांचं काम, त्यावर कितीतरी घरांचा पावसाळा निघतो. त्याला शास्त्रज्ञ उत्तर देऊ शकत नाहीत, तो बियाण्याचा दोष किंवा गुणही नाही.

एक नवी गोष्ट सांगायची राहिली. मे 2025 मध्ये सरकारनं भाताचे दोन नवे वाण जाहीर केले, जनुक-संपादनाचे. यात बाहेरची ओळ आणत नाहीत, वहीत आहे तीच ओळ एखाद्या अक्षरानं दुरुस्त करतात. त्याला जीएम म्हणायचं की नाही यावर वाद सुरू झालाच आहे. त्यावर वेगळा कार्यक्रम करू.

जूनमध्ये आम्ही त्या गटात पुन्हा गेलो. दोन्ही बाजूंनी दोनदा बैठक बसली होती. गटानं ठरवलं, कर्ज द्यायचं, पण बिल असलेल्या बियाण्यालाच. आणि निंदायला जाणाऱ्या सात जणींनी टोळी करून एकरी ठेक्यानं निंदण घ्यायचं, तारीख आधी ठरवून, म्हणजे मालकीणबाईंनाही ऐन वेळी शोधाशोध नको. उधारी चालणार नाही, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. कर्ज घेणाऱ्या ताईंनी चार पाकिटं बिलाची घेतली. उरलेल्या एका एकरात त्यांनी स्वतःच्या पैशानं दोन पाकिटं तीच लावली, हे त्यांनीच आम्हाला बांधावर उभं राहून सांगितलं, लपवलं नाही. दोन एकरांत तुरीची तासं वर आली होती. त्या एका एकरात त्यांनी तूर पेरलीच नव्हती, आणि गुडघ्याएवढ्या कपाशीत तीन ठिकाणची रोपं उगवलीच नव्हती. सरी मोजत दाराजवळची ती बाई आमच्या पुढेच चालत होती, सोमवारपासून तिच्या टोळीचं निंदण तिथेच सुरू होणार होतं.